गुरुवारचं ‘चालेल’

तिच्या वडिलांचा शिड्या करायचा धंदा होता. लाकडी शिड्या, रंगाऱ्यांना लागतात त्या, दिवे बसवणाऱ्यांना लागतात त्या, आणि छतापर्यंत माल रचणाऱ्या दुकानदारांना लागतात त्याही. गिऱ्हाईक यायचं, शिडी वरपासून खालपर्यंत न्याहाळायचं, उगाच दोन बोटांनी टकटक करायचं आणि विचारायचं, “काय हो, चालेल ना ही?”

शिडीवाले हातातला रंधा खाली ठेवायचे. चेहरा असा गंभीर करायचे, की जणू कोणाचा निकाल सांगायचाय. मग म्हणायचे, “शिडी चालली तर तुम्ही पडाल. शिडीनं उभं राहायचं असतं.”

गिऱ्हाईक हसायचं, शिडी खांद्यावर टाकून जायचं. पण लाकडाच्या भुशाच्या ढिगावर बसलेली त्यांची लेक कधी हसायची नाही. तिला ते शंभर टक्के पटायचं.

कारण शिडी उभी राहते की नाही हे बघायचं काम तिच्याकडेच होतं. शिडीवाले नवी शिडी भिंतीला टेकवायचे, लेकीच्या पाठीवर वाळूची पिशवी बांधायचे आणि म्हणायचे, “हं, नाच.” लेक एकेका पायरीवर उड्या मारत वर जायची, उड्या मारत खाली यायची. एकदा मधलीच पायरी कडाड्कन मोडली आणि बाईसाहेब पिशवीसकट खाली! हनुवटी फुटली. आई स्वयंपाकघरातून धावत आली तर काय बघते, लेक रक्ताळलेल्या तोंडाने उभी आणि बाप टाळ्या पिटतोय, “सापडली! सापडली!”

“पोरीची हनुवटी फुटली आणि तुम्ही नाचताय?”

“अगं, एका रंगाऱ्याची मान वाचली! बघ की, किती स्वस्तात वाचली!”

त्या दिवशी आईने बापाशी अबोला धरला. लेकीच्या हनुवटीवर मात्र एक पांढरी रेघ राहिली, आणि डोक्यात एक गोष्ट कायमची बसली. मोडलेली पायरी हे संकट नाही. न सापडलेली पायरी हे संकट.

पुढे ही मुलगी इंजिनीयर झाली. मोठमोठी पुस्तकं वाचली, मोठमोठ्या परीक्षा दिल्या, आणि एका संशोधन संस्थेत नोकरीला लागली ती परीक्षा घ्यायच्याच कामावर. बाकीचे यंत्र बनवायचे, ही यंत्राला छळायची. गरम पेटीत भाजायची, गार पेटीत गोठवायची, हवा काढून टाकलेल्या पेटीत कोंडायची, हादऱ्यांच्या टेबलावर बांधून गदागदा हलवायची. ज्याने यंत्र केलंय तो बिचारा काचेबाहेर उभा राहून असा बघायचा, जसा बाप लेकराला सुई टोचली जाताना बघतो. छळ संपला की विचारायचा, “बाई, चालेल ना?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. अजून बघायचंय.”

असं करता करता तिचं नाव पडलं नाहीबाई. पाठीमागेच नाही, तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटायचं नाही, उलट फोन उचलला की स्वतःच म्हणायची, “हं, नाहीबाई बोलतेय.” उपाहारगृहातल्या स्वयंपाक्याने कधी विचारलं, “बाई, चहा जरा फिका झालाय, चालेल?” तर म्हणायची, “पिऊन सांगते.” आणि खरंच पिऊन सांगायची.

तिच्या लग्नाची हकीकत तर संस्थेत नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवली जायची. मावशीने एक स्थळ आणलं. मुलगा चपलाबुटांच्या दुकानात विक्रेता. मावशीने विचारलं, “काय गं, मुलगा चालेल का?” ही म्हणाली, “चालवून बघितल्याशिवाय कसं सांगू?” मावशीने कपाळाला हात लावला. पण मुलगा हसत उठला, बूट घातले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. येऊन म्हणाला, “मी दिवसभर गिऱ्हाइकांना हेच सांगतो. दोन पावलं चालून बघा, मग ठरवा. आज पहिल्यांदा कोणी मला सांगितलं.” बस्स. लग्न ठरलं. चालला तो चालला, अजून चालतोय.

तर अशा या बाईच्या तोंडून एक दिवस ‘चालेल’ गेलं. तेही दोनदा. ते कसं गेलं आणि तिने ते परत कसं आणलं, ही खरी गोष्ट.

संस्थेच्या वरच्या मजल्यावर एक यंत्र तयार होत होतं. चंद्रावर पाठवायचं. सहा पायांचं, चपट्या पाठीचं, तिरकं तिरकं सरकणारं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण सगळे म्हणायचे खेकडा. या खेकड्याची गंमत अशी, की त्याच्या प्रत्येक गुडघ्यात एक छोटी मोटर आणि तिचं तिचं विचार करणारं सर्किट होतं. पाय कुठे टेकवायचा हे गुडघा स्वतःच ठरवायचा. दुसऱ्या कोणाची अक्कल गुडघ्यात आहे म्हटलं तर भांडण होतं, खेकड्याची खरोखरच गुडघ्यात होती, आणि त्याचा वरच्या मजल्यावरच्या पोरांना केवढा अभिमान!

त्या मजल्याचे प्रमुख म्हणजे साहेब. त्यांचं टोपणनाव नाहीबाईच्या बरोबर उलट, चालेलसाहेब. रंग ओला आहे? चालेल. स्क्रू दुसऱ्या मापाचा आलाय? चालेल, जरा घासून घ्या. माणूस वाईट नव्हता हो. वर्षानुवर्षं सामानासाठी, माणसांसाठी, जागेसाठी दारोदार फिरलेला माणूस. प्रत्येक ठिकाणी ‘नाही’ ऐकून ऐकून त्याने निदान आपल्या घरात तरी तो शब्द ठेवायचा नाही असं ठरवलं असावं.

आता नाहीबाईने खेकड्याच्या सगळ्या परीक्षा घेतल्या होत्या. भाजून झालं, गोठवून झालं, हलवून झालं. एकच राहिली होती. धुळीची. चंद्रावरची धूळ आपल्या रस्त्यावरच्या धुळीसारखी गरीब नसते. तिकडे वारा नाही, पाणी नाही, कणांच्या कडा घासून गुळगुळीत करणारं कोणीच नाही. म्हणजे काचेचा चुरा म्हणा ना. आणि पिठाइतका बारीक. तसली धूळ मुद्दाम बनवून विकतात, ती मागवलीही होती, पण ती काही आली नाही. मग खेकड्याला धुतलेल्या वाळूच्या हौदात चालवलं. झकास चालला. साहेब म्हणाले, “झालं की! वाळू चालेल.” नाहीबाई म्हणाली, “वाळू चालत नाही, साहेब. वाळू पडून राहते. मला धूळ पाहिजे. तारीख द्या.” रोज सकाळी जिन्यात गाठून विचारायची, “धुळीची तारीख?” साहेब रोज म्हणायचे, “बघतो.”

आणि मग ती दुपार आली. बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. नवऱ्याच्या दुकानात नवा माल आला होता, खोके वर रचायचे होते. बाई वडिलांनी केलेल्या शिडीवर, दोन्ही हातांत बुटांचे खोके, खाली नवरा आणखी खोके वर देतोय, बाहेर रस्ता उकरणारं यंत्र धडाडतंय. तेवढ्यात फोन. नवऱ्याने शिडीच्या दोन पायऱ्या चढून फोन तिच्या कानाला लावला.

साहेबांचा आवाज आला, “बाई, धडधडधड… धडधडधड… गुरुवारी… धडधड… चालेल?”

बाईंना काय वाटलं असेल? रोज तारीख मागणाऱ्या माणसाला ‘गुरुवारी चालेल?’ एवढंच ऐकू आलं तर काय वाटणार? आनंदच झाला. मान वाकडी करून ओरडली, “चालेल! चालेल!”

पलीकडून टाळ्यांचा आवाज आला. तिला वाटलं, रस्ता उकरणारं यंत्र.

नवऱ्याने मात्र फोन खाली घेतला आणि तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

“काय झालं?”

“अगं, तू चालेल म्हणालीस.”

“मग?”

“काही नाही. लग्नापासून पहिल्यांदा ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी बाई संस्थेत गेली तर फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला. वरच्या मजल्यावर टेबलावर फुलं. कोणीतरी फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं : नाहीबाई म्हणाल्या चालेल! शेजारी खेकड्याचं चित्र, तोही दात काढून हसतोय.

“हे काय?”

“बाई, तुम्हीच काल सांगितलंत ना! सगळ्या सभेसमोर.”

हळूहळू उलगडा झाला. काल साहेबांच्या खोलीत उड्डाणवाले आले होते. म्हणजे ज्यांच्या यानात खेकड्याला जागा मिळायची होती ते लोक. त्यांच्या प्रमुख, पांढऱ्या केसांच्या एक बाई, म्हणाल्या होत्या, “तुमची परीक्षक काय म्हणते ते ऐकायचंय. तिच्या तोंडून.” साहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला आणि विचारलं, “बाई, परीक्षा पुऱ्या झाल्या असं धरून चालू ना? गुरुवारी सगळ्यांसमोर खेकडा चालेल?” आणि फोनमधून गर्जना झाली, चालेल चालेल! जिच्या तोंडून आजवर कोणी हा शब्द ऐकला नव्हता तिने तो दोनदा म्हटला, तेही ओरडून. आता गुरुवारी प्रात्यक्षिक म्हणजे नुसता उपचार. धुतलेल्या वाळूत दोन फेऱ्या, हस्तांदोलन, आणि खेकडा खोक्यात बंद.

बाई तडक साहेबांच्या खोलीत शिरली.

“साहेब, मी ‘चालेल’ म्हटलं ते गुरुवारला. खेकड्याला नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे?”

“म्हणजे गुरुवारी परीक्षा घ्यायला मला चालेल. वार चालेल. यंत्र चालेल असं मी म्हटलेलं नाही. धूळ झाल्याशिवाय म्हणणारही नाही.”

“बाई, आता शब्द फिरवू नका.”

“फिरवत नाही. वाकडा झालाय, सरळ करतेय. त्यांना फोन लावा, मीच सांगते.”

साहेब उठून खिडकीशी गेले. आवाज खाली आणला. “ऐका. ही जागा गेली तर दुसरे टपून बसलेत. वरची पोरं बघितलीत? लग्नं पुढे ढकलली, दुसरीकडच्या नोकऱ्या नाकारल्या. एका शब्दासाठी त्या सगळ्यांच्या तोंडचा घास काढणार तुम्ही?”

हा घाव बरोबर बसला. त्या पोरांना ती ओळखत होती, प्रत्येकाच्या यंत्राचा छळ तिनेच केला होता. पण हनुवटीवरची रेघ तिने नकळत अंगठ्याने चोळली आणि म्हणाली, “घास तोंडात जायच्या आधी त्यात खडा आहे का बघतेय. तुम्हाला खडा चावायचा असेल तर चावा, पण मी वाढला म्हणू नका.”

“धूळ कुठून आणणार? ती तर आलीच नाही.”

“आणते.”

“कुठून?”

“ते अजून मला माहीत नाही,” बाई म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

संस्थेच्या तळमजल्यावर इंधनाचं खातं होतं. तिथे शेतातला काडीकचरा, लाकडाचा भुसा, भाताची तुसं, असलं सगळं दाबून जळणाच्या कांड्या करायचे, आणि त्या भट्टीत जाळून किती उष्णता मिळते ते मोजायचे. वरच्या मजल्यावरचे लोक तिकडे फिरकायचे नाहीत. ‘डोक्यात भुसा भरलेले’ म्हणायचे. तळमजल्याचे प्रमुख एक पिंगट मिशांचे शास्त्रज्ञ, त्यांना सगळे राखेकाका म्हणायचे, आणि हे वरच्यांना ‘अंतराळात डोकं असलेले’ म्हणायचे. फिटंफाट.

बाई तिथे गेली ती खरं तर चिडून, हवा खायला. राखेकाका त्या वेळी कांड्या दाबणाऱ्या यंत्राशी भांडत होते. आतला भलामोठा स्क्रू बाहेर काढून ठेवला होता आणि त्याच्या कडा अशा झिजल्या होत्या, जणू उंदरांनी कुरतडल्यात.

“हे कशाने?” बाईने विचारलं.

“कशाने म्हणजे? तुसांनी! पोलाद खातात मेली. तुसांच्या अंगातच काच असते हो, वाळूचीच बहीण. जाळली तर राखही तसलीच. झाडायला गेलो तर झाडूचा पार खराटा होतो, आणि भट्टीच्या दाराच्या बिजागऱ्या तर मी आता बदलायच्याच सोडल्यात.”

बाई वाकली. राखेची चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली, कानाजवळ नेली. किरकिर आवाज आला. तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते बघून राखेकाका दोन पावलं मागे सरले.

“काका, ही राख किती आहे?”

“अहो, फुकट न्या! मागच्या अंगणात डोंगर झालाय. पण कशाला हवी?”

“खेकड्याला आंघोळ घालायची आहे.”

राखेकाका आधी बघत राहिले, मग मिशांमधून असे हसले की मिशीतली राख उडाली. “वरच्या मजल्याच्या डोळ्यांत आमची राख? नेतो की! स्वतः नेतो! गाडा कुठाय रे आमचा?”

गुरुवार उजाडला. उड्डाणवाल्या बाई आल्या, बरोबर त्यांची माणसं. बघतात तर वाळूच्या हौदाशेजारी दुसरा हौद, राखाडी, गच्च भरलेला, आणि त्याच्यापुढे हाताची घडी घालून नाहीबाई. राखेकाका दारात, कोणी बोलावलं नव्हतं तरी.

साहेब पुढे झाले, “हे जरा… स्वच्छता चालली आहे.”

“स्वच्छता नाही,” नाहीबाई म्हणाली आणि उड्डाणवाल्या बाईंकडे वळली. “बाई, परवा फोनवर मी चालेल म्हणाले. ते मी गुरुवारला म्हणाले होते, गुरुवारी धुळीची परीक्षा घ्यायला. मला प्रश्न अर्धाच ऐकू आला. परीक्षा अजून झालेली नाही. आज घेतली तर तुमच्यासमोर होईल, नाहीतर चंद्रावर होईल. तिकडे मात्र मी हजर नसेन.”

साहेबांचा चेहरा पडला, मग लाल झाला, मग ते अगदी शांतपणे आणि अगदी बरोबर बोलले. “ही भट्टीची राख आहे. चंद्रावरची धूळ नाही. राखेत नापास झाला म्हणजे चंद्रावर होईल असं कुठे आहे?”

“बरोबर आहे तुमचं,” बाई म्हणाली. “कदाचित नाही होणार. पण राखेत पास झाला तर माझ्या जिवाला जरा स्वस्थता मिळेल. आणि नापास झाला, तर निदान वाळूत पास झालाय एवढ्यावर तुम्ही निश्चिंत राहणार नाही.”

उड्डाणवाल्या बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मी इथवर आलेच आहे. खेकडा चालेल का?”

“माहीत नाही. चालवून बघू.”

खेकडा राखेत उतरला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. वरची पोरं हौदाला चिकटून उभी. तिसऱ्या फेरीला डाव्या मधल्या गुडघ्यातून आवाज आला. चोळलेल्या राखेसारखा, किरकिर, मग किंचाळी, मग काहीच नाही. त्या गुडघ्याच्या अकलेने पाय उचलायचा हट्ट धरला, पाय उचलेना. उरलेल्या पाचांनी ओढून बघितलं. खेकडा स्वतःभोवतीच गोल फिरला, तोंड राखेत खुपसलं आणि थांबला.

नाहीबाईच्या तोंडून निघून गेलं, “सापडला!”

तिने लगेच तोंडावर हात ठेवला. पण सगळ्यांनी ऐकलं होतं. पोरांपैकी एक मुलगी रडत बाहेर गेली. सापडल्याचा आनंद आणि त्या पोरीचं रडणं, दोन्ही एकदमच बाईंच्या छातीत उतरलं, आणि तिने कोणाची माफी मागितली नाही. मागावीशी वाटलीच नाही असं नाही. पण माफी मागितली असती तर गुडघा अडकला हीच चूक ठरली असती.

उड्डाणवाल्या बाईंनी पर्स उचलली. “या खेपेला नाही,” एवढंच म्हणाल्या. जागा टपून बसलेल्यांना गेली.

पुढच्याच सोमवारी साहेबांनी बाईंना बोलावलं. “तुम्हाला राख आवडते ना? मग राखेतच बसा.” बदली तळमजल्यावर. बाईला वाटलं होतंच. तिने आपलं स्टूल उचललं, मापं घ्यायची हत्यारं उचलली, आणि जाता जाता म्हणाली, “हौद माझा आहे, तोही नेते.”

“राखेचा हौद कोण ठेवतंय इथे!”

“ठेवला असता तर बरं झालं असतं. आता परत लागला तर खाली उतरावं लागेल.”

तळमजल्यावर राखेकाकांनी तिचं असं स्वागत केलं, जसा सासरी छळ झालेल्या बहिणीला भाऊ घरी आणतो. “बसा हो बाई. इथे कोणी कोणाला चालेल का विचारत नाही. इथे विचारतात, जळेल का? आणि जळतंच.”

बाईंनी तिथल्या यंत्रांचाही छळ सुरू केला, हे सांगायला नको. पहिल्याच महिन्यात राखेकाकांच्या लाडक्या भट्टीला ‘नाही’ म्हणाली. काका दोन दिवस रुसले.

पण बाईच्या डोक्यातून गुडघा जाईना. घरी जेवतानाही हाताचं कोपर वाकवून बघायची. एक दिवस दुकानात एक गिऱ्हाईक बूट परत घेऊन तणतणत आलं, “यात खडी शिरते!” नवरा म्हणाला, “साहेब, दुकानातल्या फरशीवर शिरली होती का? तुम्ही डोंगरात घालून गेलात. तिकडचे वेगळे मिळतात.” आणि त्याने दुसरा जोड दाखवला, ज्याची जीभ, म्हणजे नाड्यांखालची ती कातड्याची पट्टी, दोन्ही बाजूंनी शिवून टाकलेली होती. पाय वाकला की जीभ घडी घालते, पण फट पडू देत नाही.

गिऱ्हाईक गेलं. नवरा आत हिशेबाला गेला. बाहेर आला तर बायको जमिनीवर, मांडीवर त्याच जातीचा नवाकोरा बूट, आणि हातात कात्री. बुटाचे उभे दोन भाग झालेले.

“अगं! अगं, तो विकायचा होता!”

“हळू बोला. बघा, घडी कशी पडते.”

“माझ्या पोटात घडी पडली त्याचं काय?”

“अहो, खेकड्याच्या गुडघ्याला जीभच नाहीये!”

“मग बरंच आहे,” नवरा म्हणाला. “घरात एकीला आहे ती पुरे.”

ती कापलेली जीभ तिने कागदात गुंडाळली आणि सकाळी वरच्या मजल्याच्या जिन्यात उभी राहिली. साहेबांच्या नाही, त्या रडत गेलेल्या मुलीच्या वाटेवर. मुलीने तोंड फिरवलं. बाईने पुडी तिच्या हातात कोंबली. “माझ्याशी बोलू नकोस, चालेल. हे मात्र बघ.”

म्हणजे बघा, हा शब्द बाईने तिसऱ्यांदा वापरला, आणि या वेळी जाणूनबुजून.

कातडं चंद्रावर टिकत नाही, थंडीत तडकतं. ते त्या मुलीला बाईपेक्षा जास्त कळत होतं, तिचा अभ्यासच कापडांचा. तिने काचेच्या धाग्याचं विणलेलं कापड घेतलं, घड्या पाडल्या, गुडघ्याला दोन्ही बाजूंनी शिवलं. आणि एके दिवशी तळमजल्याच्या दारावर ठकठक झाली. दारात खेकड्याचा खोका. एका बाजूने ती मुलगी धरून, दुसऱ्या बाजूने साहेब. जिना उतरताना दमलेले, टाय खांद्यावर गेलेला.

“काय साहेब,” राखेकाका म्हणाले, “अंतराळातून खाली?”

साहेबांनी खोका ठेवला. बाईकडे न बघता म्हणाले, “गुडघे बदललेत. बघा.”

“चालेल म्हणताय?”

“मी काहीच म्हणत नाही.”

खेकडा हौदात उतरला, आणि अडकला. साहेब खोका उचलून वर गेले. पुन्हा आले, पुन्हा अडकला, या वेळी शिवण उसवली. मग येणंजाणंच सुरू झालं. तळमजल्याचा जिना साहेबांना पाठ झाला, राखेकाकांनी त्यांच्यासाठी एक खुर्ची कायमची ठेवली. मधल्या काळात टपून बसलेल्यांचं यंत्र निघून गेलं होतं, आणि त्याचं तिकडे काय झालं, चाललं की बसलं, याची या खोलीत कोणी चौकशी केली नाही. बाईंनीच करू दिली नाही. “दुसऱ्याची शिडी मोडली म्हणून आपली मजबूत होत नाही,” म्हणायची.

एकदा दोघेच हौदापाशी बसले होते. साहेब अचानक म्हणाले, “त्या दिवशी फोनवर मला शंका आली होती.”

“कसली?”

“तुम्ही दोनदा चालेल म्हणालात. तुम्ही एकदाही म्हणत नाही.”

“मग परत का नाही विचारलंत?”

साहेबांनी राखेत बोटाने एक रेघ ओढली. “उत्तर आवडलं होतं.”

बाईने स्टूल थोडं सरकवून खुर्चीजवळ आणलं. तेवढंच. वर जायची मात्र तयारी नव्हती तिची. साहेबांनी दोनदा सुचवलं, बदली रद्द करतो म्हणाले. ती म्हणाली, “मला खाली टाकलंत ते रागाने. वर न्याल ते लाजेने. मी इथे माझ्या मर्जीने बसलेय. यंत्र पास करून घ्यायचं असेल तर उतरत जा, जिना चांगला आहे, पायऱ्या मी तपासल्यात.”

आणि मग ती दुपार आली. उड्डाणवाल्यांची पुढची फेरी ठरत होती. पांढऱ्या केसांच्या बाईंनी फोन केला, थेट तळमजल्यावर. सगळे हौदाभोवती उभे. ती मुलगी, वरची पोरं, साहेब खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून, राखेकाका मिशी चावत. आत खेकडा सकाळपासून चालत होता. न थांबता.

“बाई,” फोनमधून आवाज आला, “या वेळी प्रश्न पूर्ण ऐका. मागून कसला आवाज नाही ना? रस्ता वगैरे?”

“नाही. विचारा.”

“खेकडा चालेल?”

सगळ्यांच्या माना बाईकडे वळल्या. साहेबांचे ओठ तर नुसते हलले, तो शब्द आपोआप आकार घेत होता त्यांच्या तोंडात. बाईने तो शब्द घेतला नाही. तिने हनुवटी पुढे काढली, ती पांढरी रेघ अगदी स्पष्ट दिसली, आणि म्हणाली, “चालेल असं मी म्हणणार नाही. तुमच्या चंद्राची हमी मी देत नाही. पण माझ्या राखेत चालतो.”

“चालतो?”

“चालतो. आत्ता. ऐका.”

आणि तिने फोन हौदात, राखेच्या अगदी वर धरला. तिकडे उड्डाणवाल्या बाईंच्या खोलीत आणि इकडे तळमजल्यावर, दोन्हीकडे एकच आवाज ऐकू येत होता. सहा पाय राखेत पडत होते आणि उचलले जात होते. खस्, खस्, खस्.